धरणारा हात, ओतणारा हात

लग्नाच्या पंगतीआधी आमटीचं मोठं पातेलं रिकामं करताना पाहिलंय कधी? दोघं जण दोन बाजूंच्या कड्या धरतात. तिसरा फडक्याने बूड उचलतो. कडीवाल्यांचं काम फक्त धरून ठेवायचं. किती कलंडवायचं ते तिसरा बघतो. एकट्याने दोन्ही करायला गेलं की आमटी पायावर आलीच म्हणून समजा.

आता त्या पातेल्यात आमटीऐवजी १०० टन वितळलेलं पोलाद आहे, आणि त्याचं तापमान १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, अशी कल्पना करा. पोलाद कारखान्यात छपराखालच्या रुळांवरून फिरणाऱ्या क्रेनला एकाऐवजी दोन होइस्ट, म्हणजे भार उचलणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा का असतात, याचं उत्तर तुम्हाला पंगतीतच मिळालं.

कारखान्यांना मात्र ते मिळवायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ओतशाळांत लोखंडाचा रस भरलेलं भांडं, म्हणजे लॅडल, साध्या क्रेनला टांगलेलं असायचं. ते कलंडवायला माणसांची टोळी लांब दांडे धरून उभी राहायची. एकाचा पाय घसरला, एकाने जोर जास्त लावला, की रस अंगावर. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टमध्ये कारखाना चालवणाऱ्या जेम्स नास्मिथने १८३८ मध्ये यावर उपाय काढला. लॅडलच्या आसाला त्याने दातेरी चाक बसवलं आणि त्याला आट्यांचा स्क्रू जोडला. आता एकच माणूस चाक फिरवून सावकाश ओतू शकत होता. चाक सोडलं तर भांडं होतं त्याच कोनात थांबायचं. वाफेच्या हातोड्यामुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या या माणसाने या लॅडलचं पेटंट घेतलं नाही. माणसं भाजू नयेत म्हणून त्याने ती कल्पना सगळ्यांसाठी खुली ठेवली.

नास्मिथने धरणं आणि ओतणं ही कामं वेगळी केली. पण ओतणारा माणूस अजून भांड्याजवळच उभा होता.

१८५६ मध्ये हेन्री बेसेमरने आपली पोलाद बनवण्याची पद्धत जाहीर केली. पुढच्या काही दशकांत पोलाद ढिगाने बनू लागलं आणि भांडी इतकी मोठी झाली की जवळ उभं राहणंच शक्य राहिलं नाही. शतकाच्या अखेरीला विजेच्या मोटारी आल्या. क्रेनच्या प्रत्येक हालचालीला वेगळी मोटार देता येऊ लागली आणि पातेल्याचा हिशेब थेट छपराखाली गेला. मुख्य होइस्टचे दोन भक्कम हुक लॅडलच्या दोन बाजूंचे खुंट धरतात. दुसरा, लहान होइस्ट बुडाजवळ हुक अडकवून ते वर खेचतो. चालक दूर, वरच्या केबिनमध्ये.

आपल्याकडच्या कारखान्यांत अशा क्रेनला ‘ईओटी क्रेन’ म्हणतात. तिच्या गर्डरवर ‘१००/२५ टन’ असं लिहिलेलं दिसलं तर समजावं, मोठा होइस्ट १०० टनांचा, लहान २५ चा. मोठा ताकदवान पण संथ, लहान चपळ. पाच टनांच्या कामासाठी मोठ्याला हलवायची गरज पडत नाही. काही क्रेनवर दोन्ही होइस्ट सारख्या ताकदीचे असतात. लांब शाफ्ट दोन टोकांना धरून आडवा उचलायचा, किंवा जड साचा एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली घेत उलटा करायचा, तर ते उपयोगी पडतात. अट एकच, दोघांचा मेळ राहिला पाहिजे. एक पुढे गेला की भार दुसऱ्यावर सरकतो.

एवढी सोय असली तरी एक गोष्ट दुसरा होइस्ट करू शकत नाही. धरणाऱ्याने सोडलं, तर ओतणारा काहीच वाचवू शकत नाही. म्हणून वितळलेला धातू नेणाऱ्या खास क्रेनमध्ये मुख्य होइस्टला एकावर एक ब्रेक देतात. एक निकामी झाला तर दुसऱ्याने धरावं.

१८ एप्रिल २००७. चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या तिएलिंगजवळचा एक पोलाद कारखाना. सकाळचे पावणेआठ, पाळी बदलायची वेळ. कामगार शेजारच्या खोलीत बैठकीसाठी जमलेले. ३० टन तप्त पोलाद घेऊन येणारं लॅडल खाली येऊ लागलं आणि ब्रेकने ते धरलं नाही. लॅडल पडलं, कलंडलं, पोलाद त्या खोलीत शिरलं. ३२ माणसं गेली. चौकशीत निघालं, की तिथे वितळलेल्या धातूसाठीची खास क्रेन नव्हतीच. साधी, सामान्य मालासाठीची क्रेन वापरत होते. आणि माणसं जमायची ती खोली ओतकामाच्या जागेच्या फार जवळ होती.

नास्मिथने आपली कल्पना फुकट दिली त्याला तेव्हा १६९ वर्षं झाली होती. योग्य क्रेन कशी असते हे माहीत होतं, ती बाजारात मिळतही होती. फक्त ती महाग होती, आणि साधीनेही रोजचं काम भागत होतं. त्या सकाळपर्यंत.

पुढे कधी कारखाना पाहायला गेलात, किंवा आयटीआय करून तिथेच कामाला लागलात, तर वर बघून हुक जरूर मोजा. मग खाली बघा, त्या हुकांच्या वाटेत बसायची खोली कुणी बांधलीय का.