अल्बम घरी, निगेटिव्ह स्टुडिओत

लग्नानंतर महिना-दीड महिन्याने फोटोग्राफरकडून अल्बम घरी येई. जाड काळी पानं, फोटो अडकवायचे चार कोपरे, दोन पानांमध्ये बटर पेपर आणि अंतरपाटापासून पाठवणीपर्यंतचा सगळा सोहळा. ज्यांच्यातून हे फोटो निघाले त्या निगेटिव्ह मात्र स्टुडिओतच राहत. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असे आणि त्याशेजारी पेन्सिलीने लिहिलेला नंबर. मामाला किंवा आत्याला एखादी कॉपी हवी झाली, की तो नंबर सांगायचा आणि चार दिवसांनी कॉपी घेऊन यायची. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत हीच रीत होती. घरातल्या सर्वांत मोठ्या कार्याची अस्सल नोंद अशी दुसऱ्याच्या कपाटात असे. ती टिकणार की जाणार, हे त्या कपाटावर अवलंबून होतं.

या रीतीचं मूळ काचेच्या काळात आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हाची निगेटिव्ह म्हणजे रसायनाचा थर दिलेली काच. ती जड असे, हातातून सुटली तर फुटे आणि घरी नेऊन तिचा काही उपयोगही नसे. म्हणून स्टुडिओवाले खाचा पाडलेल्या लाकडी पेट्यांमध्ये काचा उभ्या लावून ठेवत, प्रत्येकीवर नंबर टाकत. निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील, अशा अर्थाची ओळ त्या काळच्या फोटोकार्डांच्या पाठीवर छापलेली आढळते. यात पुढच्या कॉप्यांची कमाई होतीच, पण त्यामुळे जपणूकही झाली. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. फुटली नाही तर काच शतकभर सहज तग धरते.

फिल्मचं तसं नाही. सुरुवातीची नायट्रेटची फिल्म भयंकर ज्वालाग्राही होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे जुने चित्रपट त्यात गेले, ते याच नायट्रेटवरचे. कॅमेऱ्याच्या रोलांसाठी नायट्रेट १९५० च्या सुमारास बंद झालं आणि ॲसिटेटची ‘सेफ्टी’ फिल्म सगळीकडे आली. ती सहजी पेटत नाही, पण आतून आंबते. उष्णता आणि दमटपणा यांनी तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. एकदा ते सुटलं की तेच आम्ल पुढची नासाडी वाढवतं आणि शेजारच्या फिल्मनाही लागण करतं. फिल्म आक्रसते, वेडीवाकडी होते, वरचा जिलेटिनचा थर सुरकुततो. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने केलेल्या अभ्यासानुसार २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असली, तर नव्या ॲसिटेट फिल्मला हा व्हिनेगरचा वास साधारण ४०-५० वर्षांनी येऊ लागतो. कोकणात किंवा मुंबईत बाराही महिने असं हवामान कुठलं मिळणार?

भारतात फिल्म तयार करण्यासाठी सरकारने १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली आणि कारखान्यासाठी जागा निवडली ती निलगिरीतली उटी, थंड आणि धूळ नसलेली. तिथे ‘इंदू’ या नावाने फिल्म तयार होई. पण ती वापरली जाई ती चैत्र-वैशाखात, नागपूर-अकोल्याच्या मांडवांत.

लग्नाचा हंगाम आणि फिल्मची गरज यांचं मुळातच वाकडं होतं. कृष्णधवल फिल्म धुवायला २० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. मे महिन्यात नळाचं पाणीच तापलेलं असे. डेव्हलपरच्या भांड्याभोवती बर्फ ठेवावा लागे, नाहीतर जिलेटिन फुगून त्याला भेगा पडत. थर घट्ट व्हावा म्हणून हायपोच्या द्रावणात तुरटी घालत. हायपोने फिल्मवरची प्रतिमा पक्की होते, पण नंतर तो वाहत्या पाण्यात पूर्ण निघून गेला पाहिजे. तो मागे राहिला तर चांदीशी त्याची क्रिया होऊन काही वर्षांत पिवळे-तपकिरी डाग उमटतात. टंचाईच्या महिन्यांत, एका रात्रीत पाच-सहा लग्नांचे रोल धुवायचे असताना, कमी पडत असे ते नेमकं हे शेवटचं पाणी. आणि त्या निगेटिव्ह कपाटात जाऊन पडल्या की मागोमाग मृग नक्षत्र.

जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, त्यामुळे बुरशीला ते फार आवडतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकली की ती धरते आणि वधूवरांच्या चेहऱ्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. यावर स्टुडिओवाल्यांनी स्वतःचे उपाय काढले होते. कपाटात एक लहान बल्ब सतत पेटता ठेवायचा, म्हणजे आतली हवा कोरडी राहते. निगेटिव्हच्या पट्ट्या कापून बटर पेपरच्या पाकिटात घालायच्या, पाकिटं ब्रोमाइड पेपरच्या रिकाम्या डब्यांत उभी लावायची आणि डब्यावर साल लिहायचं. चुकाही होत. रबरबँडमधलं गंधक चांदी काळवंडवी. प्लॅस्टिकची स्वस्त पाकिटं उन्हाळ्यात फिल्मला चिकटून बसत.

निगेटिव्हला कोर्टातही मान होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे ज्या लग्नात सप्तपदी हा विधी असतो, तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. लग्न झालंच नाही, असा दावा एखाद्या पक्षाने केला की सप्तपदीचा फोटो पुढे येई. मग फोटोग्राफरने साक्षीला यावं आणि निगेटिव्ह दाखवावी, असा आग्रह न्यायालयं धरत, कारण प्रिंटमध्ये फेरफार करणं सोपं होतं. टाकून दिलेल्या एखाद्या स्त्रीच्या हातात, नोंदणी नसलेल्या लग्नाचा, कित्येकदा एवढाच पुरावा उरे.

कॉपीराइटचा १९५७ चा कायदाही गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो. वेगळा करार नसेल, तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. हे ठाऊक असणारी कुटुंबं थोडी आणि निगेटिव्ह मागायला जाणारी त्याहून थोडी.

मग स्टुडिओंमध्ये जागा अपुरी पडू लागली. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते, म्हणून एक्स-रेच्या फिल्मबरोबर ती किलोवर विकली जाई. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव जगाच्या बाजारात औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचला, तेव्हा जुन्या फिल्मलाही भाव आला. रंगीत निगेटिव्हमधली चांदी धुलाईतच निघून जाते, मागे राहतात ते फक्त रंग आणि ते अंधारातही हळूहळू विटतात. भंगारातही किंमत नसल्यामुळे १९८०-९० च्या दशकांतली हजारो लग्नं स्टुडिओ बंद होताना सरळ कचऱ्यात गेली.

काही ठिकाणी मात्र निष्ठेने जपणूक झाली. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ व्हिक्टर ससून यांनी १९२८ मध्ये सुरू केला. पुढे तो रणजित माधवजी यांनी घेतला आणि निगेटिव्हचा अफाट साठा नंबरवार सांभाळून ठेवला. पाठीवरचा नंबर जुळला की आजीचा फोटो नातीला मिळतो, तो अशा शिस्तीमुळे.

तालुक्याच्या गावांमधले जुने स्टुडिओ आता झपाट्याने मिटत आहेत. तिथली वाचनालयं आणि इतिहास मंडळं अजूनही बरंच वाचवू शकतात. व्हिनेगरचा वास मारणाऱ्या पट्ट्या आधी वेगळ्या काढाव्यात, त्या आणि रंगीत पट्ट्या सर्वांत आधी स्कॅन कराव्यात आणि स्कॅन झाल्यावरही मूळ फिल्म फेकू नये. पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा घरातली थंड, कोरडी खोली तिला बरी. आणि डबे उचलताना स्टुडिओचं रजिस्टर विसरू नये. नंबरापुढे नाव, गाव आणि लग्नाची तारीख त्याच वहीत आहे. ती रद्दीत गेली, तर स्कॅन कितीही स्वच्छ झाला तरी त्या जोडप्यांना त्यांच्या नातवंडांपर्यंत पोहोचवता येणार नाही.