आईचा झगा आणि मेणकापड

आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला एक उद्योग हमखास असे. कागदावर पिंपळाचे पान ठेवायचे, जुना टूथब्रश शाईत बुडवून कंगव्यावर घासायचा आणि शिंतोडे वाळले की पान उचलायचे. दिवाळीची कितीतरी शुभेच्छापत्रे आम्ही अशी केली. पुढे पन्नाशीत 'द स्नोई डे' हे अमेरिकन चित्रपुस्तक हाती आले. छोटा पीटर झोपी जातो त्या पानावरची करडी पार्श्वभूमी पाहताच मी म्हणालो, हा तर आपला टूथब्रश! अंदाज खरा निघाला. चित्रकार एझ्रा जॅक कीट्स यांनी पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले तेव्हाच्या, १९६३च्या भाषणात आपली सारी कृती सांगून टाकली आहे.

कीट्स यांचा जन्म १९१६चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. आईवडील पोलंडहून आलेले गरीब ज्यू. वडील हॉटेलात वाढपी. मुलाने चित्रकार व्हावे हे त्यांना पसंत नव्हते, तरी रंगाच्या नळ्या घरी आणीत आणि 'एका उपाशी चित्रकाराने वाटीभर सुपाच्या बदल्यात दिल्या' अशी थाप मारीत. १९३५मध्ये ते अचानक गेले. त्यांच्या पाकिटात मुलाला मिळालेल्या बक्षिसांची वर्तमानपत्री कात्रणे जपून ठेवलेली सापडली. मुलाचे मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. ज्यूद्वेष टाळण्यासाठी महायुद्धानंतर त्याने ते बदलले. पुढे येणारा वाद समजायला हे नाव बदलणे ध्यानात ठेवावे लागते.

कात्रणाची सवय मुलालाही होती. १९४०च्या 'लाइफ' साप्ताहिकातल्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या चार छायाचित्रांची पट्टी त्याने कापून ठेवली. पुढे दहाएक वर्षे दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रे काढली. त्यांत असा मुलगा नायक म्हणून एकदाही आला नाही. स्वतःची गोष्ट लिहायची वेळ आली तेव्हा पट्टीतला मुलगा पीटर झाला. व्हायकिंग प्रेसने १९६२मध्ये पुस्तक काढले.

रंगवलेल्या चित्रात इथे-तिथे कागदाचा तुकडा चिकटवावा, एवढाच मूळ बेत होता. पण एक तुकडा दुसऱ्याला बोलावू लागला. जपान, इटली, स्वीडनचे कागद आले. पलंगाच्या चादरीसाठी चित्रकाराचा बेल्जियन कॅनव्हास कापला गेला. ओल्या शाईवर पांढऱ्या रंगाचा रूळ फिरवून बर्फाचा पोत साधला, आणि खोडरबरावर नक्षी कोरून हिमकणांचे ठसे उठवले. आपल्याकडे भेंडी कापून ठसे उठवतात, त्याच जातीचे हे काम. आईच्या झग्यासाठी त्यांनी चक्क कपाटाच्या फळ्यांवर अंथरायचे मेणकापड वापरले.

वाद नेमका या झग्यावरूनही झाला. सप्टेंबर १९६५मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू'त नॅन्सी लॅरिक यांचा लेख आला. १९६२ ते ६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी हिशेबात घेतली होती. त्यांतल्या जेमतेम ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादे तरी कृष्णवर्णीय मूल दिसत होते. त्या लेखात 'द स्नोई डे'वरही ताशेरे आहेत: पीटर कृष्णवर्णीय असल्याचे मजकुरात कुठेच म्हटलेले नाही, आणि आई भडक पिवळ्या चौकटीच्या झग्यातली अवाढव्य बाई दाखवली आहे, फक्त डोक्याला लाल रुमाल तेवढा नाही. तो रुमाल अमेरिकन वाचकाला लगेच कळतो. गोऱ्यांच्या घरात राबणाऱ्या जाड, हसऱ्या दाईचे ठरीव चित्र त्यामागे उभे असते.

कीट्स यांनी पत्र लिहून उत्तर दिले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चित्रातला रंग दिसतोच, मग शब्दांत वंशाची चिठ्ठी कशाला, की दंडाला पट्ट्या बांधू, असा त्यांचा सवाल होता. ज्यूंच्या दंडावर पट्ट्या बांधल्या गेल्याला तेव्हा पंचवीस वर्षेच झाली होती. मजकुराच्या मुद्द्यावर मी कीट्स यांच्या बाजूचा. त्यांच्या प्रतिष्ठानच्या डेबोरा पोप यांनी एका शिक्षिकेच्या पत्राची हकिकत सांगितली आहे: वर्गातली मुले स्वतःचे चित्र काढताना पहिल्यांदाच तपकिरी खडू वापरू लागली होती.

झग्याचे मात्र तेवढ्याने मिटत नाही. म्हणून बोहारणीच्या पद्धतीने घासाघीस करून बाजारातून वीतभर चौकटीचे मेणकापड आणले आणि बाईची आकृती कापून पाहिली. कापडाची चौकट सपाट ती सपाटच. तिला चुण्या पडत नाहीत, कमरेशी सावली येत नाही. चुण्या रंगवून पाहिल्या तर रंग त्या गुळगुळीत पृष्ठावर धरेना, ओघळला. आकृती कितीही बेताची कापली तरी अंगापेक्षा झगाच मोठा दिसतो. लॅरिकबाईंना दिसलेल्या अवाढव्यपणात मेणकापडाचा वाटा मोठा आहे, असे मला यावरून वाटते. अर्थात मेणकापड निवडले कीट्स यांनीच. फळीवरच्या कापडाचा झगा शोभला याचा त्यांना झालेला आनंद भाषणात लपत नाही. त्या आनंदात दाईचे ते जुने चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले नसावे. ५,२०६ पुस्तकांचा हिशेब मांडून बसलेल्या बाईंना ते न दिसणे अवघड होते.

माझी बाई अजून टेबलाच्या काचेखाली आहे. नात तिला 'फुगलेली आजी' म्हणते.