चोवीस वर्षं उशिरा पोचलेला आवाज

मनगटावरची पट्टी जांभळी होते, मग पिवळी, मग एकदम विझते. १८ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन आत्ताच मराठीत बोललाय. मुंबईत येऊन आनंद झाला म्हणालाय, आणि तुमच्या शेजारची कॉलेजातली मुलगी तोंडावर हात ठेवून किंचाळलीय. हजारो मनगटं एकाच क्षणी पेटतात, एकाच क्षणी मिटतात. पट्टी तुमच्या हातावर असली तरी ती पेटवणारं दुसरंच कुणीतरी आहे. तरीही ते दृश्य इतकं देखणं आहे की डोळे भरून येतात.

या तिकिटासाठी घरातले चौघं चार फोन घेऊन बसला होतात. तासन्‌तास ऑनलाइन रांग, आणि शेवटी चारांतला एक फोन लागला. ते सगळं आता विसरा. पुढचा अंधार झाला की डोळे मिटून घ्या.

पट्टी विझली. उघडा.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. कुर्ला स्टेशनबाहेर तुम्ही शेअर रिक्षात बसलाय. मागे तिघं, पुढे चालकाच्या सीटला चिकटून चौथा. चौघांच्याही अंगात काळे टी-शर्ट, आणि त्यांतल्या तिघांवर तोच एक चेहरा, हाडांना कातडं चिकटलेला, दात विचकलेला. तो एडी, आयर्न मेडन या बँडच्या प्रत्येक अल्बमच्या मुखपृष्ठावरचा. कुणाची कुणाशी ओळख नाही. पुढे लटकलेला मुलगा मान वळवून विचारतो, "पॉवरस्लेव्ह वाजवतील ना?" आणि मागचे तिघं एकदम म्हणतात, "वाजवणारच!" रिक्षावाले काका आरशातून बघतात. "आज काय आहे रे पोरांनो तिकडं?"

"गाणं आहे, काका."

बीकेसीत एमएमआरडीएचं मैदान. फाटकावर तुमचा पट्टा काढून घेतात, पाण्याची बाटली काढून घेतात, खिशातली चिल्लरसुद्धा. आत धूळ, गारवा आणि रांगेतच सुरू झालेलं गाणं. पुण्याची एक टोळी सकाळच्या डेक्कन क्वीननं आलीय आणि दिवसभर इथंच बसलीय. खिशात बटणांचे मोबाइल आहेत, पण ते फक्त एकमेकांना शोधायला: "तू कुठायस? मी डाव्या खांबापाशी."

आजपासून या बँडचा जगाचा दौरा सुरू होतोय. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम, आणि त्यातला पहिला मुंबईत. एका बोइंग ७५७ विमानात माणसं आणि सुमारे १२ टन सामान भरून ते आलेत, आणि ते विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवतो. शेपटीवर तोच एडी रंगवलाय. गेल्या वर्षी मार्चमध्ये ते बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्‌सवर आले होते, तेव्हा अर्ध्या मुंबईला वाटलं होतं की ही एकदाच घडणारी गोष्ट होती, आपली संधी गेली.

दौऱ्याचं नाव 'समव्हेअर बॅक इन टाइम'. म्हणजे मी तुम्हाला सतरा वर्षं मागे आणलं, आणि इथून आणखी मागे ते तुम्हाला नेणार. रंगमंचावर इजिप्तचं मंदिर उभं केलंय, १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बमच्या वेळचं. गाणी बहुतेक सगळी ऐंशीच्या दशकातली.

त्या दशकातली गाणी आपल्यापर्यंत कशी पोचली, ते दिवे मंद व्हायच्या आत सांगून टाकतो. नशीब असेल तर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कॅसेट मिळायची. नाहीतर कुणाच्या तरी मावसभावाकडून, त्यानं कुणाकडून तरी भरून घेतलेली. माझ्याकडे 'पॉवरस्लेव्ह' आला तो नव्वद मिनिटांच्या टीडीके कॅसेटच्या एका बाजूला, गाण्यांची नावं निळ्या बॉलपेननं लिहिलेली. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि अल्बम पन्नासच्या वर. त्यामुळे शेवटचं, तेरा मिनिटांचं गाणं मधेच कापलं जायचं. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', कोलरिजच्या कवितेवरचं. जहाज भर समुद्रात अडकलेलं, वारा पडलेला, लाकूड कुरकुरतंय, आणि थोड्याच वेळात खट्‌. फीत संपली. पुढे त्या खलाशांचं काय झालं, हे मला कित्येक वर्षं ऐकायलाच मिळालं नव्हतं.

धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचा, १९८६ पासून. तिथं आपल्याच पोरांचे बँड ही परदेशी गाणी जीव तोडून वाजवायचे आणि आम्ही खूश असायचो. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथला आवाज बंद झाला. त्या दगडी पायऱ्यांवर बसून कुणी म्हणालं असतं की एक दिवस खुद्द मेडन येणार आहे, तर आम्ही हसलो असतो.

दिवे गेले.

चर्चिलचा आवाज येतो, १९४० मधल्या भाषणाचा, खरखरीत. लोक ते भाषणही पाठ असल्यासारखं म्हणतायत. मग 'एसेस हाय'चा पहिला फटका, आणि तुम्ही उभे होतात तिथून चार पावलं पुढे आलेले असता, न चालता. स्टीव्ह हॅरिसचा बास कानाआधी बरगड्यांत वाजतो. पिक नाही, नुसती बोटं, घोडा दौडावा तशी. तीन गिटार, मागे निको मॅकब्रेनचे ड्रम, आणि डिकिन्सन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतोय.

जरा मागे, ध्वनियंत्रणेच्या तंबूपर्यंत या, एक गंमत दाखवतो. निकोचा हात खाली येताना बघा. टिपरू आपटलं, आणि आवाज क्षणभरानं आला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर उभं राहिलात तर जवळजवळ एक तृतीयांश सेकंद मागे पडता. म्हणून मोठ्या मैदानांत मध्येच स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मोजून तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढून आलेला आणि मनोऱ्यातला आवाज तुमच्या कानात एकत्र पडतो. नाहीतर टाळ्यासुद्धा लाटेसारख्या मागं मागं सरकत जातात.

चला परत पुढे. आता ते गाणं लागलंय.

जहाज अडकलं. वारा पडला. वाद्यं थांबलीयत, नुसता बास हळू चालतोय, धूर रंगमंचावरून खाली उतरतोय, लाकडाची कुरकुर. इतक्या हजारांच्या गर्दीत कुणी ओरडत नाही. तुमच्या डाव्या हाताला रिक्षातला तो मुलगा उभा आहे, आणि त्याचा डावा हात स्वतःच्या छातीवर, अदृश्य गिटारच्या पट्ट्यांवर ठेवलेला. नखं अगदी मुळापाशी कापलेली, बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे. बोटं हलत नाहीत, थांबलीयत, पुढच्या स्वरावर तयार. मी तुमच्या मागे दोन माणसं सोडून उभा आहे. माझी कॅसेट इथंच कुठंतरी संपायची.

संपत नाही. गिटार चढत जातात, डिकिन्सनची लांब किंकाळी येते, आणि गाणं त्या जागेवरून पुढे निघून जातं. त्या मुलाची बोटं धावू लागतात. १९८४ मध्ये निघालेला आवाज २००८ मध्ये कुर्ल्याच्या बाजूला पोचलाय, चोवीस वर्षांनी. मी रडतोय, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आणि मग 'फिअर ऑफ द डार्क'. आजच्या यादीतलं हे एकच नव्वदच्या दशकातलं. सुरुवातीला गिटारची जी चाल आहे तिला शब्दच नाहीत, आणि गर्दी नेमकी तीच गाते. ओ-ओ-ओ करत, तिन्ही सप्तकांत, कुणी सुरात, कुणी बेसूर. नेरूळच्या पट्ट्या आठवा. तिथं उजेड तुम्हाला दिला होता आणि तो सुंदर होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मला विचाराल तर मैदानावर जायचं ते याच्यासाठी. हा आवाज कुणी दुरून चालू-बंद करू शकत नाही. ज्यांनी ही चाल पाठ केली आपापल्या खोलीत, एकट्यानं, दार लावून, आई "बारीक कर ते!" म्हणत असताना, ती सगळी माणसं आज शेजारी शेजारी उभी आहेत.

शेवटचं 'हॅलोड बी दाय नेम'. दिवे लागतात. खाली तुडवलेले प्लॅस्टिकचे पेले, एक अनाथ चप्पल. पाणी शोधत बाहेर पडा. टपरीवर बाटल्या संपल्यात, उसाच्या रसवाल्याकडे रांग लागलीय.

कुर्ल्याहून ठाण्याची गाडी. समोरच्या बाकावर तोच मुलगा. तुम्ही काहीतरी बोलायला जाता, पण घशातून आवाजच निघत नाही. त्याचाही बसलाय. कानात एकच बारीक सूर वाजतोय. तो खिडकीच्या गजावर बोटं ठेवतो आणि घोड्याची दौड वाजवू लागतो, टक-टकटक, टक-टकटक. विक्रोळी जातं, भांडुप जातं. मुलुंडला तो उठतो, दारात उभा राहून पहिलं बोट आणि करंगळी वर करतो, आणि गाडी थांबायच्या आत उतरतो.