अर्धांगीचा अर्धा वाटा

गोमंतकातील महाजन कुटुंबांत प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची वेळ आली, की एक प्रश्न हटकून निघतो. दुकान यजमानांच्या नावे, घरभाडेही त्यांच्याच खात्यात जमा होते. मग पत्नीने निराळे विवरणपत्र का भरावे? हिशेब पाहणारे गृहस्थ ‘गोव्याचा कायदाच तसा आहे’ एवढेच सांगून कागद पुढे सरकवितात आणि गृहिणी त्यावर सही करते. त्या सहीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

पोर्तुगालचा नागरी कायदा १८६७ साली तयार झाला. १८ नोव्हेंबर १८६९ च्या हुकुमाने तो वसाहतींना लावण्यात आला आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात त्याचा अंमल सुरू झाला. विवाहापूर्वी निराळा लेखी करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते, हे त्यातील विवाहविषयक मुख्य सूत्र होय. यालाच पोर्तुगीजांत ‘कोमुन्यांव दुश बेंश’ म्हणतात. पत्नीने माहेराहून काय आणले, याचा येथे हिशेब होत नाही. दस्तऐवजावर नाव पतीचे असले, तरी निम्मी मालकी तिची असते. म्हणूनच घर वा जमीन विकताना खरेदीखतावर तिची संमती लागते. पुढे १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या काही चालीरीतींना मान्यता मिळाली. तथापि मालमत्तेच्या समाईकीचा पाया ढळला नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. संसदेने १९६२ साली केलेल्या कायद्यान्वये येथील प्रचलित कायदे, ते बदलले वा रद्द केले जाईपर्यंत, चालू राहिले. पाठोपाठ १ एप्रिल १९६३ पासून भारताचा १९६१ चा प्राप्तिकर कायदा गोव्यास लागू झाला आणि दोन निरनिराळ्या परंपरांची येथे गाठ पडली. प्राप्तिकर कायद्याला व्यक्ती ठाऊक होती, हिंदू अविभक्त कुटुंबही ठाऊक होते; गोव्यातील समाईक मालकीचे दांपत्य मात्र या दोन्ही साच्यांत नीट बसेना. उत्पन्न एकट्या पतीचे मानावे, दोघांचा मिळून एक समूह मानावा, की प्रत्येकाचे निम्मे धरावे? वाद न्यायालयांपर्यंत गेले.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. प्राप्तिकराचा दर उत्पन्नाबरोबर चढत जातो. समजा, घरभाड्याचे करपात्र उत्पन्न सहा लाख रुपये आहे. ते एकाच्या माथी धरले तर वरच्या दराने कर बसू शकतो. तीन-तीन लाख दोघांकडे गेले, तर प्रत्येकाला आपापल्या करमुक्त मर्यादेचा लाभ मिळतो.

अखेर १९९४ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ‘५अ’ हे कलम घातले गेले आणि ते १ एप्रिल १९६३ पासूनच, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने, लागू करण्यात आले. दांपत्याचा समूह म्हणून कर आकारू नये; प्रत्येक प्रकारचे उत्पन्न दोघांत समसमान वाटून ज्याच्या त्याच्या उत्पन्नात मिळवावे, असा त्याचा आशय. दमण व दीव आणि दादरा व नगर हवेली या प्रदेशांचाही त्यात समावेश झाला. गंमत अशी, की कलमात पोर्तुगीज कायद्याचे साल १८६७ ऐवजी १८६० असे छापले गेले.

अपवाद एकच आणि तो पगाराचा. पगार ज्याने मिळविला, त्याच्याच उत्पन्नात धरला जातो. शिक्षिका असलेल्या पत्नीचा पगार तिचाच. मात्र त्यातून शिल्लक टाकून ठेवलेल्या ठेवीचे व्याज निम्मे पतीकडे जाते. दुकानाचा नफा आणि घरभाडे यांनाही हाच न्याय. विवाहापूर्वी कराराने मालमत्ता विभक्त ठेवणाऱ्या दांपत्यास हा नियम लागत नाही. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संमत झालेल्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद कायम ठेवण्यात आली आहे.

करात बचत होते, म्हणून या नियमाची वाखाणणी होते. परंतु कराची विभागणी ही मालकीच्या विभागणीची केवळ सावली आहे. उत्पन्न निम्मे लिहावयाचे, ते पत्नीची मालकी निम्मी आहे म्हणून. विवरणपत्रापुरती तिला अर्धी मालकीण मानावयाचे आणि जमिनीचा व्यवहार ठरविताना तिला विचारावयाचेही नाही, हे कायद्यालाही धरून नाही आणि घराच्या शोभेलाही नाही.

बहुतेक देवस्थानांच्या महाजन-नामावलीत परंपरेने पुरुषांचीच नावे येत आली. देवकार्यात मात्र यजमानाशेजारी पत्नी बसते आणि संकल्प दोघांचा होतो. धर्माने तिला अर्धांगी म्हटले; गोव्याच्या कायद्याने त्या शब्दाला घरादाराचा अर्धा वाटा जोडून दिला. तेव्हा यंदा विवरणपत्र तिच्यापुढे ठेवताना सहीच्या जागेवर बोट ठेवण्यापूर्वी त्यातील आकडे तिला वाचून दाखवावेत. ते तिचेही आहेत.