‘बुद्धिझम’ मधला ‘इझम’

विहारात येणारी इंग्रजी शाळेतली मुलं आम्हाला विचारतात, “आपण धम्म म्हणतो, मग पुस्तकात बुद्धिझम का?” प्रश्न रास्त आहे.

‘इझम’ हा प्रत्यय मूळचा ग्रीक. ग्रीकमध्ये ‘इस्मोस’ लागला की क्रियेचं नाम व्हायचं. पाण्यात बुडविणे या क्रियापदापासून ‘बाप्तिस्मोस’ झालं, तोच ख्रिश्चन मंडळींचा बाप्तिस्मा. लॅटिन, फ्रेंच अशी मजल मारीत तो इंग्रजीत आला. मत, पंथ, विचारसरणी हे अर्थही त्याला चिकटले. सोशॅलिझम त्यातलाच. अन् जातीयतेला म्हणतात कास्टिझम! एकच प्रत्यय कुठं कुठं लागतो बघा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय पंडितांनी तथागतांच्या नावालाही तोच जोडला. १८४४ साली ब्युर्नूफ यांचा भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरचा फ्रेंच ग्रंथ निघाला, त्याच्या नावातही तो आहे. पाली ग्रंथांत मात्र धम्म, धम्म-विनय, सासन हे शब्द येतात. ‘वाद’ पालीतही आहे, थेरवाद म्हणजे थेरांचं मत; पण धम्माला ‘बुद्धवाद’ आपण कधी म्हणत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांना इंग्रजीत ‘बुद्धिझम’ शब्द वर्ज्य नव्हता. मे १९५६ मधल्या बीबीसीवरच्या भाषणात तो आहेच. पण त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावात त्यांनी पाली शब्दच ठेवला, ‘धम्म’. रिलिजन आणि धम्म यांतला फरकही त्यात सांगितलाय. वर्षावासात आपण वाचतो, तो हाच ग्रंथ.