करवीर संस्थानातील शिक्षणसक्ती, वाचन व कन्यासंरक्षण

करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९२० साली मुली देवास वाहण्याच्या प्रथेस आळा घालणारा कायदा केला. इतिहासग्रंथांत पहिल्या निर्णयाची गणना शैक्षणिक धोरणात, तर दुसऱ्याची समाजसुधारणेत होते. तथापि ह्या दोहोंचा परस्परसंबंध विचारार्ह आहे.

सौंदत्तीच्या यल्लम्मास मुलगी वाहण्यामागे नवस, दारिद्र्य व अज्ञान अशी कारणे असत. न विंचरलेल्या केसांत झालेली जट हे देवीचे बोलावणे मानले जाई. अशा मुलींपैकी अनेकींची वाट पुढे मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीत संपे. हा विधी घरात ठरे व यात्रेत पार पडे. त्यामुळे तो घडून गेल्यावरच कायद्यास त्याची दखल घेता येई. शाळेच्या हजेरीपटावर मात्र मुलीची गैरहजेरी आधीच दिसू शकते. शिक्षणसक्तीचे संरक्षक मूल्य ह्यात आहे.

परंतु शाळा सुटली की हे संरक्षणही सुटते, आणि अभ्यासात मागे पडलेली मुलगी प्रथम शाळा सोडते. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलींसह सर्वांना शिक्षण सक्तीचे केले व १९१० पासून बोर्डन ह्या अमेरिकन तज्ज्ञाच्या साहाय्याने गावोगाव ग्रंथालये उभारण्यास प्रारंभ केला. वाचनास पुस्तक न मिळाल्यास साक्षरता टिकत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून होते; पण शहरातील ग्रंथालयाचा लाभ खेड्यातील शाळकरी मुलीस होणे दुष्कर होते.

मुंबई प्रांतात १९३४ साली व महाराष्ट्रात २००५ साली ह्याच प्रथेविरुद्ध पुन्हा कायदे करावे लागले. केवळ प्रतिबंधाने कार्यभाग होत नाही, असाच ह्याचा अर्थ घ्यावा लागतो. शाळेतील वाचनमंडळ हे लहानसे साधन आहे. त्याने दारिद्र्य हटत नाही. मात्र मागे पडलेल्या मुलीस ते शाळेत धरून ठेवू शकते, जटेचे कारण तिला स्वतः वाचता येते, आणि तिची जागा रिकामी दिसताच विचारपूस करणाऱ्या मैत्रिणी तिला लाभतात. १९१७ व १९२० च्या निर्णयांमधील अंतर अशाच साधनांनी भरून निघणे शक्य होते. शाहूकालीन धोरणाचे मूल्यमापन ह्या दृष्टीनेही व्हावयास हवे.