पंधरा वर्षांची शांतता: इव्हनसाँगच्या इतिहासात खंड कसा शोधायचा?

“ही परंपरा शेकडो वर्षं अखंड चालत आली आहे.” संशोधनाचा आराखडा लिहिताना असं वाक्य सहज लिहून जातं. ते तपासायचं कसं, हे आज इंग्लंडच्या एका उदाहरणावरून बघू.

इंग्लंडच्या कॅथेड्रलांमध्ये संध्याकाळी ‘कोरल इव्हनसाँग’ म्हणजे गायलेली सायंप्रार्थना होते. साधारण पाऊण तास चालते. गायकवृंद दोन भागांत समोरासमोर बसतो. स्तोत्रांची एक ओवी या बाजूने, तर पुढची त्या बाजूने गायली जाते. जमलेले लोक बहुतेक वेळ फक्त ऐकतात. वरच्या पट्टीतला आवाज लहान मुलांचा आणि खालचे आवाज मोठ्यांचे. ऐकताना वाटतं, हे कधी थांबलंच नसेल.

आधी सांगाडा समजून घेऊ. १५४९ मध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांच्या देखरेखीखाली इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं. जुन्या लॅटिन पद्धतीत संध्याकाळची आणि झोपण्यापूर्वीची अशा दोन वेगळ्या प्रार्थना होत्या. त्या एकत्र करून इव्हनसाँग तयार झालं. म्हणून त्यात दोन गीतं येतात: पहिलं मरियेचं, दुसरं वृद्ध शिमोनाचं. हा सांगाडा आजही तोच आहे. म्हणजे शब्दांचं सातत्य खरं आहे. पण गाण्याचं?

इथे यादवी युद्ध मध्ये येतं. १६४५ मध्ये पार्लमेंटने प्रार्थनापुस्तक बाजूला सारून त्या जागी नवी पद्धत आणली. गायकवृंद विखुरले, अनेक ठिकाणचे ऑर्गन काढले किंवा मोडले गेले. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला तेव्हाच ही उपासना परत सुरू झाली.

पंधरा वर्षं म्हणजे फार नाहीत, असं वाटेल. पण हिशोब करून बघा. समजा, मुलगा आठव्या वर्षी वृंदात आला आणि चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला. म्हणजे गाण्यासाठी जेमतेम सहा वर्षं मिळाली. त्यात लहान मुलं मोठ्या मुलांच्या शेजारी उभी राहून शिकतात. पंधरा वर्षांत अशा दोन-अडीच पिढ्या गेल्या. प्रौढ गायकांना जुनं आठवत असेल, पण मुलांची साखळी पूर्ण तुटली.

हा नुसता तर्क झाला. पुरावा काय? दोन साधनं बघू.

पहिलं, १६६१ मध्ये एडवर्ड लो यांनी छापलेली छोटी मार्गदर्शिका. लो हे यादवी युद्धाआधीपासून ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्चचे ऑर्गनवादक होते. कॅथेड्रलची उपासना कशी गायची, ते त्यात सांगितलं आहे. पुस्तक कुणासाठी? तर ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही, पण आता चालवावी लागणार आहे त्यांच्यासाठी; हे मुखपृष्ठावरच म्हटलंय. गंमत बघा: जे रोज कानावर पडून शिकता येतं, त्याची मार्गदर्शिका सहसा कुणी छापत नाही. छापावी लागली, यातच खंडाची खूण आहे.

दुसरं, संगीतकार मॅथ्यू लॉक यांचं १६७३ चं पुस्तक. ते सांगतात की राजाचं चॅपल पुन्हा सुरू झाल्यावर वर्षभराहून अधिक काळ वरच्या पट्टीचं गाणं कॉर्नेट या फुंकवाद्यावर आणि कृत्रिम उंच आवाजात गाणाऱ्या पुरुषांवर भागवावं लागलं, कारण आपला भाग नीट गाऊ शकेल असा एकही मुलगा नव्हता. इथे सावध राहायचं. हे लिखाण घटनेनंतर दहाएक वर्षांनी, तेही एका वादात उत्तर म्हणून आलंय. ‘एकही नव्हता’ यात थोडी अतिशयोक्ती असू शकते. पण लो यांची मार्गदर्शिका वेगळ्या हेतूने, वेगळ्या वेळी लिहिलेली असूनही त्याच दिशेला बोट दाखवते. म्हणून दोन्ही मिळून वजन वाढतं.

स्वरलेखन तर उरलं होतं ना? हो, काही प्रमाणात. जॉन बार्नर्ड यांनी १६४१ मध्ये कॅथेड्रल संगीताचा मोठा संग्रह छापला होता. पण तो सुट्या वह्यांमध्ये: प्रत्येक वहीत एकाच आवाजाचा भाग. एक वही हरवली की रचनेतला एक आवाज गेला. आज त्या छापील संग्रहाचा एकही पूर्ण संच शिल्लक नाही. शिवाय लय किती, श्वास कुठे, उच्चार कसा, हे वहीत नसतंच. ते गुरुमुखातून येतं.

मग इव्हनसाँगची परंपरा खोटी का? अजिबात नाही. १६६० नंतर लोकांनी आठवणी, वह्या आणि मार्गदर्शिका जोडून ती मेहनतीने पुन्हा उभी केली. पण ‘अखंड’ म्हटलं की या माणसांचं सगळं कष्ट दिसेनासं होतं. म्हणून प्रबंधात ‘अखंड’ऐवजी ‘शब्द टिकले, गायन पुन्हा बांधलं गेलं’ असं लिहिणं जास्त अचूक ठरेल.

तुमच्या विषयात हे करून बघा. एखाद्या विद्येची पहिली ‘कसं करायचं’ सांगणारी पुस्तिका शोधा आणि तीन प्रश्न विचारा: ती कोणत्या वर्षी आली, कुणासाठी लिहिली, आणि त्याआधीची पंधरा-वीस वर्षं शिकवणारे कुठे होते? यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना बऱ्याचदा प्रकरणाचा विषयच सापडतो.